रुफस की ॲलन्स? माझा अनुभव

कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला आमच्या परसातल्या साखरपाण्याच्या फीडरवर ॲनाज हमिंगबर्ड बारा महिने असतो. तो ओळखायला काहीच त्रास नाही. मार्चमध्ये मात्र केशरी-तांबूस अंगाचा एक नर आला. पाठ निम्मी तांबूस, निम्मी हिरवी. रुफस आणि ॲलन्स हे दोन हमिंगबर्ड दिसायला अगदी सारखे; मी ऑनलाइन पक्षिनोंदीत ‘रुफस’ लिहिलं. नोंदी तपासणाऱ्याचं उत्तर आलं: पाठीत हिरवा रंग आहे, ‘रुफस/ॲलन्स’ असं लिहा, नाहीतर शेपटीचा स्पष्ट फोटो द्या.

फोटो दिला. बरेच दिवस काही नाही, मग तीच ओळ. आणखी जवळून काढलेला दिला, पुन्हा तीच ओळ! शेपटीत नेमकं काय बघायचं, ती मिटलेली चालेल की पसरलेली हवी, हे कोणी सांगेना. पुरावा मागायचा तर कुठला ते सांगायला काय जातं? याचा मला अजूनही राग येतो, म्हणून इथे सगळं लिहून ठेवते.

शेपटी पंख्यासारखी पूर्ण उघडलेली हवी. पिसं दहा, प्रत्येक बाजूला पाच. मधल्या जोडीच्या लगतचं, म्हणजे मधून दुसरं पीस बघायचं. रुफसच्या प्रौढ नरात त्या पिसाच्या टोकाजवळ आतल्या कडेला खाच असते, ॲलन्समध्ये नसते. ॲलन्सची सर्वांत बाहेरची पिसंही जास्त अरुंद असतात, पण फोटोवरून तेवढ्याच भरवशावर राहू नका.

मिटल्या शेपटीत ही खाच दिसणं कठीण. पक्षी ब्रेक मारताना, पिसं साफ करताना किंवा भांडताना शेपटी उघडतो. आमच्याकडे ॲनाज जवळ आला की हा त्याच्यावर धावून जायचा. मी ऊन पाठीशी घेऊन बसले, शटर १/२००० सेकंदापेक्षा वेगवान, कॅमेरा बर्स्टवर, म्हणजे सलग फोटो काढत. शेवटी एका फ्रेममध्ये सगळं आलं: तांबूस पीस, काळपट टोक आणि त्याच्या अलीकडे नखाने खुडल्यासारखी खाच. नोंद ‘रुफस’ म्हणून मान्य झाली. त्या दिवशी घरातल्या प्रत्येकाला मी ते पीस झूम करून दाखवलं!

पाठीच्या रंगावरून ठरवायचं तर नियम एकतर्फी आहे. प्रौढ नराची पाठ पूर्ण तांबूस असेल तर तो जवळजवळ नक्की रुफस. हिरवी असेल तर ॲलन्स असेलच असं नाही, कारण हिरव्या पाठीचे रुफसही असतात. माद्या आणि पिल्लं तर हातात धरून पिसांची मापं घेतल्याशिवाय सहसा वेगळी करता येत नाहीत. तिथे ‘रुफस/ॲलन्स’ बेलाशक लिहा, त्यात कमीपणा नाही.

ॲलन्स कॅलिफोर्निया आणि दक्षिण ओरेगनच्या किनारपट्टीत घरटी करतो. रुफस आमच्याकडून फक्त जातो, वर थेट अलास्कापर्यंत. परतीचे बरेचसे जुलै-ऑगस्टमध्ये सिएरा नेवाडाच्या डोंगरातून जातात, तेव्हा त्या दिवसांत तिकडे गेलात तर कॅमेरा घ्या. (पुण्याहून आई म्हणते, आपल्याकडेही हा येतो. तो शिंजीर, हमिंगबर्ड अमेरिका खंडांबाहेर नाहीत.)

आणि फीडरमध्ये एक भाग साखर, चार भाग पाणी, एवढंच. लाल रंग घालू नका, मध नको, आणि उन्हाळ्यात दर एक-दोन दिवसांनी धुऊन नवीन भरा.