आमची वाटचाल : वाशाच्या टोकापासून

परतवाड्याला लाकूड डेपोजवळ वडिलांचं पत्र्याचं दुकान. कोठ्या, पेट्या, चाळण्या. प्लास्टिक आलं, ते काम आटलं आणि मी पन्हाळीकडे वळलो. सोबतीला शेजारचा सुतारमिस्त्री. पत्रा माझा, लाकूड त्याचं, नफा अर्धा-अर्धा. कागद कधी केला नाही.

कवेलूच्या, म्हणजे कौलारू घराचे वासे उघडे, पन्हाळ ठोकायला पुढे पाटी नसते. त्यात वाशाचं टोक उताराला काटकोनात कापलेलं, म्हणजे खालून आत गेलेलं. त्यावर हूक तसाच मारला की पन्हाळ तोंड पाडून बसते आणि पाणी पुढून सांडतं. मिस्त्री प्रत्येक टोकावर सागाची पाचर द्यायचा, जाड बाजू खाली. जुन्या घराचे दोन वासे एका रेषेत सापडले तर मला कळवा. पाचर दर वाशाला वेगळीच लागते. उतार 10 फुटांना पाव इंच, तोही पाण्याच्या नळीनं काढलेला. छपराच्या कडेवर विसंबलात की फसलात. वडिलांची कातरी, मोगरी आणि डाग द्यायचा कय्या अजून माझ्याकडे आहेत. कय्या पोरांच्या हाती देत नाही, नवसागराची नासाडी करतात.

धाकट्या बहिणीच्या लग्नाच्या वर्षी मला पीव्हीसीची हाव सुटली. हलकी, गंज नाही, डाग द्यायचा त्रास नाही. मिस्त्री नको म्हणत होता. जानेवारीच्या थंडीत 11 घरं केली, सगळे जोड सोल्यूशननं पक्के चिकटवले. माल देणाऱ्यानं एका शब्दानं सांगितलं नाही की 20 फुटांची पीव्हीसी थंडीपासून मेच्या उन्हापर्यंत जवळजवळ अर्धा इंच वाढते. लोखंडी पत्रा त्याच्या पाचव्या हिश्शानं वाढतो, म्हणून वडिलांच्या काळात हा प्रश्नच नव्हता. मेअखेरच्या नवतप्यात पन्हाळींचे साप झाले. मृगाच्या पहिल्या सरीला जोड उकलले. 600 चौरस फूट झाकणाऱ्या छपरावर 50 मिलिमीटर पाऊस म्हणजे पावणेतीन हजार लिटर पाणी. ते सगळं एका जोडातून पांढऱ्या मातीच्या भिंतीवर. भिंतीचं बूड खचलेलं पाहिलं आणि त्या रात्री जेवलो नाही.

नऊ जणांचे पैसे परत केले. लग्नाचं कर्ज डोक्यावर होतंच. तेवढ्यात गावातल्या एका ठेकेदारानं संधी साधली. वाशांच्या टोकांवर सरसकट फळी ठोकायची, त्यावर पन्हाळ, आणि वर सांगायचं, "टिनवाल्याले लाकडातलं काय समजते?" माझी चार गिऱ्हाइकं त्यानं नेली. हे मी विसरलेलो नाही.

त्या 11 घरांतले एक गुरुजी मात्र हलले नाहीत. त्यांच्या वाड्याचे वासे पोपटाच्या चोचीसारखे कोरलेले. गळती पाहून एवढंच म्हणाले, "काहून रे बाप्पा, पानी पन्हाळीत कमी अन् भितीवरच जास्त जाऊन राह्यलं." पैसे परत घेतले नाहीत, त्यात पत्र्याची बसवून दे म्हणाले. चोची झाकायच्या नव्हत्या. मग कवेलूची पहिली ओळ उचलून वाशाच्या पाठीवर पट्ट्या मारल्या आणि पन्हाळ त्यांना टांगली. ते काम पाहूनच पुढची गिऱ्हाइकं आली. नंतरची वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

तुम्ही पीव्हीसीच लावणार असाल तर जोडात मोकळीक ठेवा आणि हूक आवळू नका. वाशाच्या कापलेल्या टोकाला दरवर्षी मृगाआधी तेल द्या, पाणी तिथूनच शिरतं. आणि लग्नासाठी कर्ज काढू नका.

तीन वर्षांपूर्वी गुरुजींच्या शेजारच्या घरी ठेकेदाराची फळी काढायला मलाच बोलावलं. फळीमागे पाणी साचून वाशांची पांढरी लाकडं भुशासारखी हातात आली. मिस्त्री असता तर हसला असता. मी सात वाशांची टोकं जोडली, पाचरी बसवल्या आणि बिल लावलं, थोडं जास्तच. गुरुजींच्या पन्हाळीला माकडांच्या उड्यांनी पोचे पडलेत. गळत नाही.