बिननावाच्या पैलवानाला घेऊन कोल्हापूरला

फोटो पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाला. बुधवार होता, ऊन चढायच्या आत गेलो होतो. पितळी नळ, कुलपं आणि बंद पडलेली घड्याळं यांच्या ढिगात एक जाड पुठ्ठा पालथा पडला होता. उलटला तर पैलवान. लंगोट, डोक्याला पटका, मनगटात कडं, छातीवर हातांची घडी. मागे स्टुडिओतला रंगवलेला पडदा, त्यावर एक खांब आणि खांबावर कुंडी. नजर थेट माझ्यावर. पुठ्ठ्याच्या खालच्या कडेला स्टुडिओचं नाव उठवलेलं असतं, ती पट्टीच कुणीतरी कापून टाकलेली. बहुधा फ्रेममध्ये बसत नव्हती म्हणून. मागची बाजू कोरी. विकणाऱ्याला एवढंच माहीत होतं की माल कोल्हापूरकडच्या एका घरातला आहे.

गेली अकरा वर्षं मी खेळांचे जुने कागद जमवतोय. फोटो, मैदानांची पत्रकं, तिकिटं, बिल्ले. त्यातही कुस्तीचे जास्त. क्रिकेटचं सांभाळणारे पुष्कळ आहेत. कुस्तीचा कागद मात्र वाळवी आणि रद्दीवाला यांच्या तावडीतून वाचला तरच वाचतो. फोटो हातात आला की माझा पहिला उद्योग ठरलेला असतो. भिंगातून बघायचं. बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर ती छपाई, मूळ फोटो नव्हे. सुरुवातीच्या काळात एकाने मला असाच छापील कागद मूळ फोटो म्हणून विकला होता, तेव्हापासून भिंग खिशात असतं. ह्या पैलवानावर ठिपके नव्हते. फोटो तिरका धरला की पडद्याच्या काळ्या भागावर निळसर चांदीची झाक चढत होती. जिलेटिनचा थर असलेल्या फोटो-कागदातली चांदी वर्षानुवर्षं हवा खाऊन अशी पृष्ठभागावर येते. त्याच्या आधीचे, अंड्याच्या पांढऱ्या बलकाचे कागद बहुतेक पिवळट तपकिरी पडतात आणि त्यांच्यावर ही झाक सहसा दिसत नाही. पुठ्ठा साधारण साडेसहा बाय सव्वाचार इंच, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळलेल्या 'कॅबिनेट' मापाचा. माझा अंदाज 1900 ते 1925.

काळ लागला, पण नाव नाही लागलं. म्हणून फोटो दोन कोऱ्या, आम्लविरहित पुठ्ठ्यांमध्ये ठेवला, पिशवीत घातला आणि पहाटेच्या एसटीने निघालो.

आधी कराडला उतरलो. तिथून जवळच गोळेश्वर आहे, खाशाबा जाधवांचं गाव. ह्या रस्त्याने जाताना तिथे गेलो नाही तर मला चुकल्यासारखं वाटतं. 1952 साली हेलसिंकीत बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पदकाचा इतिहास सगळ्यांना पाठ असतो. मला ओढ आहे ती त्याच्या आजूबाजूच्या कागदांची. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते तेव्हा गावाने वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. परतल्यावर शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्या वर्गणीच्या चिठ्ठ्या कुठे असतील? कुणाच्या फडताळात, कुणाच्या वहीत 'खाशाबास रुपये दोन' अशी एखादी ओळ असेल का? गावातल्या पारावर बसलेल्या दोन आजोबांना मी हेच विचारलं. एक म्हणाले, "आमच्या घरनं जुंधळं दिल्यालं, पैसं न्हवतं." ज्वारीची पावती कोण करणार? तारीख घालून त्यांचं वाक्य तेवढं वहीत लिहून घेतलं आणि निघालो. माझ्या संग्रहात आता तेही आहे.

कोल्हापुरात पोचलो तोवर दुपार झाली होती. नव्या राजवाड्याच्या संग्रहालयातून एक चक्कर मारली. शस्त्रं आणि शिकारीच बघून लोक पुढे सरकतात. भिंतींवरच्या जुन्या फोटोंसाठी वेगळा दिवस काढायला हवा, तो माझ्याकडे नव्हता.

खासबाग मैदानात मात्र सूर्य कलेपर्यंत बसून राहिलो. 1902 साली एडवर्ड राजाच्या राज्याभिषेकासाठी शाहू महाराज विलायतेला गेले. त्या प्रवासात रोमचं कलोसियम पाहून असं मैदान आपल्याकडे व्हावं हे त्यांच्या मनाने घेतलं. 1912 साली ते उभं राहिलं. मधोमध हौदा, म्हणजे कुस्तीची मातीची जागा, भोवती चढत गेलेली बैठक, मध्ये आडवा येणारा एकही खांब नाही. शेवटच्या रांगेतल्या माणसालासुद्धा पाठ टेकली की नाही ते दिसतं. रिकामं मैदान बघताना मी पिशवीतला फोटो काढला आणि मांडीवर ठेवला. हा इथे लढला असेल का? शड्डू ठोकला असेल तेव्हा आवाज ह्या भिंतींवरून कसा फिरला असेल? शेजारी कुणी नव्हतं. हे माझं मला विचारायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका जुन्या कागदाच्या व्यापाऱ्याकडे गेलो. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. तो माणूस माझ्यासाठी वर्षभर पत्रकं बाजूला काढून ठेवतो, हे त्याचे मोठे उपकार. कुस्तीच्या मैदानाचं पत्रक म्हणजे गुलाबी किंवा पिवळा पातळ कागद, खिळ्यांची, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांची छपाई, वर मारुतीचा किंवा ग्रामदैवताचा ठसा, खाली जोडींची नावं. 'कुस्त्यांचे जंगी मैदान' ही ओळ सगळ्यात जाड. नावासमोर 'अमुक वस्तादांचा पठ्ठा' असं लिहिलेलं असतं, त्यामुळे एका कागदावरून अख्खी तालीम कळते.

अडचण सालाची येते. पत्रकावर 'सालाबादप्रमाणे यंदाही' असं असतं, तिथी असते, वार असतो, साल नसतं. ज्यांना वाचायचं होतं त्यांना साल माहीतच होतं. मग मी असं करतो: आधी दर बघतो. तिकीट आण्यांत असेल तर कागद बहुधा 1 एप्रिल 1957 च्या आधीचा, कारण त्या दिवसापासून नवे पैसे आले. अर्थात आणे तोंडात पुढेही बरीच वर्षं राहिले, म्हणून 'बहुधा'. गावापुढे 'संस्थान कोल्हापूर' किंवा 'करवीर इलाखा' असेल तर 1949 च्या मार्चच्या आधीचा, कारण तेव्हा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. मग जुनी पंचांगं काढून तिथी आणि वार यांचा मेळ घालायचा. चैत्र वद्य तृतीयेला शुक्रवार दर वर्षी येत नाही. वीस वर्षांच्या पट्ट्यात दोन-तीन सालं उरतात, आणि त्यातल्या एका सालावर एखाद्या पैलवानाच्या वयामुळे फुली बसते. एवढ्या खटपटीनंतर मागच्या बाजूला मऊ शिसपेन्सिलीने साल लिहिताना मला जो आनंद होतो तो सांगता येत नाही.

त्या सकाळी सहा पत्रकं घेतली. त्यातलं एक घडीवर तुटलं होतं आणि कुणीतरी ते चिकटपट्टीने जोडलं होतं. पट्टीचा गोंद कागदात उतरून तपकिरी झालेला. जुन्या कागदाला चिकटपट्टी लावू नका, ही माझी कळकळीची विनंती. चिकट पानांच्या अल्बममध्ये फोटोही लावू नका. माझ्या स्वतःच्या आजोबांचा, आट्यापाट्यांच्या संघातला एकुलता फोटो मी अशा अल्बममधून ओढून काढला आणि दोन माणसांचे चेहरे पानावरच राहिले. त्यातले एक आजोबा होते. ते पान मी अजून जपून ठेवलंय.

संध्याकाळी तालमीत गेलो. कोल्हापुरात मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी अशा नावाजलेल्या तालमी आहेत. मी गेलो ती पेठेतली लहान, बाहेरच्या माणसाला सहज न दिसणारी. दारातून आत वाकलो की वास येतो. तांबड्या मातीत मुरलेलं तेल, हळद, ताक, लिंबू, कापूर. पोरं जोर काढत होती. तिन्ही भिंतींवर वर छताजवळ फोटो. पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे, त्यांच्या नंतरचे गणपतराव आंदळकर, जकार्ताच्या आशियाई स्पर्धा गाजवून आलेले मारुती माने, हे तर सगळ्यांना ओळखू येतात. त्यांच्या मधेमधे पंधरा-वीस जण असे की ज्यांना तालमीबाहेर कुणी ओळखत नाही. प्रत्येक फोटोला हार. ओल्या फुलांचा हार काचेवर टेकतो, पाणी फ्रेमच्या फटीतून आत जातं, आणि जिलेटिन फुगून काचेला चिकटतं. पाच-सहा फोटो असे चिकटलेले दिसले. वस्तादांना म्हटलं, "हे फोडून काढू नका. काचेसकटच चांगला फोटो काढून घ्या त्याचा आधी. आणि हार जरा खाली, खिळ्याला अडकवा."

वस्ताद सत्तरीचे, दोन्ही कान कुस्तीत मोडलेले. त्यांनी माझा पुठ्ठा कडेला धरून घेतला, मी न सांगता. बराच वेळ बघितला.

"ह्यो डाव्या अंगानं लढणारा हाय," म्हणाले.

"कशावरून?"

"कान बघा की. डावा पार बसलाय, उजवा बरा हाय. आन् उभा ऱ्हायलाय कसा, डावा पाय फुडं. फोटूवाल्यानं सरळ उभा केला आसंल, तरी पाय गेलाच फुडं."

दहा महिने मी हा फोटो भिंगाखाली बघत होतो. चांदीची झाक पाहिली, पुठ्ठ्याच्या कडा मोजल्या. पाय पुढे आहे हे मला दिसलं नव्हतं.

नाव त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी एका पोराला पिटाळलं आणि पलीकडच्या गल्लीतल्या एका वृद्ध गृहस्थांना बोलावून आणलं. वय नव्वदीच्या आसपास, डोळ्यांना जाड चष्मा. त्यांनी पैलवानाकडे पाहिलंच नाही आधी. बोट पडद्यावर ठेवलं.

"खांब आन् कुंडी. आमच्या आज्ज्याचा फोटू ह्याच पडद्याम्होरं हुता. भिंतीला चुना द्यायला घर मोकळं केलं, तवा भंगारात गेला."

"मग हे तुमचे आजोबा?"

"न्हाई. आज्ज्या बुटका. ह्यो त्येचा जोडीदार आसणार. दोगं संगट जायचं, एकाच दिवशी फोटू काढल्यालं. आज्जी सांगायची." थांबले. "नाव जिभंवर हाय, पावणं. उद्या सांगतो."

रात्री झोप आली नाही. सकाळी सहाला तालमीत हजर होतो. ते माझ्याआधी येऊन बसले होते.

नाव आठवलं नव्हतं. "कागलकडचा हुता. आईविना वाढल्याला, म्हणून आज्जी त्येला जेवायला वाढायची. एवडंच येतंय बघा." त्यांचे डोळे भरून आले होते, आणि मला काय बोलावं सुचेना. मी त्यांचा हात धरून बसून राहिलो.

तिथेच ओट्यावर बसून पुठ्ठ्याच्या मागे पेन्सिलीने, दाब न देता लिहिलं. 'कागल परिसरातील. डाव्या अंगाने लढणारा. आई नव्हती. ऐकीव माहिती.' खाली कुणी सांगितलं, कुठे, कोणत्या तारखेला. खात्रीचं आणि ऐकीव वेगळं लिहायचं, हा नियम मी कधी मोडत नाही. त्या गृहस्थांच्या आजोबांचा जोडीदार होता, हे मात्र मुख्य ओळीत न लिहिता बाजूला लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह ठेवलं, कारण पडदा एक असला म्हणजे माणूस तोच असं होत नाही. त्या स्टुडिओत किती पैलवान उभे राहिले असतील.

फोटोची प्रत मी आदल्या रात्रीच मोठी छापून, फ्रेम करून घेतली होती. मूळ माझ्याकडे राहील, पण तो आता ह्या भिंतीवरही असावा असं वाटलं. वस्तादांनी शिडी मागवली. खंचनाळ्यांच्या खालच्या रांगेत एक खिळा मोकळा होता. पोराने फ्रेम अडकवली, हार काचेला न टेकेल असा बाजूच्या खिळ्याला लावला, आणि फोटोच्या खालच्या कोऱ्या पट्टीवर बोट ठेवून वरूनच विचारलं, "हितं नाव काय लिवायचं?"

नव्वदीतले आजोबा ओट्यावरून म्हणाले, "जागा सोड तेवडी. येतंय, येतंय."