कोर्सला घालू की गॅरेजात सोडू?

गाडी सर्व्हिसिंगला टाकून होते, चावी माझ्या हातात येते, तरी माणूस जात नाही. जरा घुटमळतो, मग विचारतो, "आमच्या पोराला गाड्यांचं फार वेड आहे हो. कोर्सला घालू की सरळ तुमच्याकडे सोडू?" धायरी फाट्याजवळच्या माझ्या गॅरेजात हा प्रश्न महिन्यातून दोनदा तरी येतो. जूनमध्ये जास्त, कारण निकाल लागलेले असतात. उभ्या उभ्या मी "आणा एकदा" म्हणून सुटका करून घेतो. नीट उत्तर द्यायचं तर माझ्या हातून जळालेल्या एका व्हॉल्व्हची, म्हणजे इंजिनातल्या झडपेची, गोष्ट सांगावी लागते.

मी स्वतः कोर्स केलेला नाही. १९९१ साली दहावीला गणितात गेलो आणि वडिलांनी नाना पेठेतल्या एका गॅरेजात नेऊन उभं केलं. स्पेअर पार्टची दुकानं हाकेच्या अंतरावर, त्यामुळे पहिले आठ महिने माझं काम दोनच प्रकारचं. धावत जाऊन पार्ट आणायचे आणि रॉकेलच्या ट्रेमध्ये पार्ट धुवायचे. शिकवत कुणीच नव्हतं. पण क्लच प्लेटा, गिअर, बेअरिंगं धुता धुता कुठला तुकडा कुठे बसतो आणि कुठल्या बाजूने झिजतो, हे बोटांना कळत गेलं. आजही नव्या पोराला मी आधी धुवायलाच बसवतो. आईबापांना वाटतं, फुकट राबवून घेतोय. थोडं घेतोही, खोटं कशाला बोलू.

आमच्या उस्तादांचा कान म्हणजे कान होता. चेतक गल्लीच्या तोंडाशी असतानाच म्हणायचे, "सायलेन्सर चोक आहे, जाळायला लागणार." बुलेटचं टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागांमधली फट, तर ते नुसत्या बोटांनी सेट करायचे. पुशरॉड, म्हणजे व्हॉल्व्हकडे धक्का पोचवणारी दांडी, दोन बोटांत धरून फिरवायची. सहज फिरली पाहिजे, पण वरखाली अजिबात हलता कामा नये. फट मोजायचा फीलर गेज आमच्या गॅरेजात नव्हताच. आणि जुन्या बुलेटला ही पद्धत अगदी बरोबर आहे, त्यात उस्तादांचं काही चुकत नव्हतं.

चुकलं ते पुढे. तेव्हा पुण्यात चेतक, लुना, येझदी, आरएक्स शंभर यांचा सुळसुळाट होता, सगळ्या टू-स्ट्रोक. या गाड्यांच्या हेडमध्ये व्हॉल्व्ह-टॅपेटची भानगडच नसते. मग शंभर सीसीच्या फोर-स्ट्रोक वाढायला लागल्या आणि त्यांच्याबरोबर एकच तक्रार यायला लागली, "टकटक वाजतंय." मी आपला बुलेटचा धडा लावला. टॅपेटचा स्क्रू आवाज बंद होईपर्यंत आवळला, लॉकनट ताणला, गाडी शिवणयंत्रासारखी चालायला लागली. गिऱ्हाईक इतकं खूश की वर दहा रुपये दिले. १९९४ साली दहा रुपये म्हणजे दोन दिवसांचा वडापाव.

दोन महिन्यांनी तीच गाडी ढकलत आली. गरम झाली की स्टार्टच होत नव्हती. किकवर पाय ठेवला तर काही अडवणूकच नाही, पाय सरळ खाली. प्लग काढून भोकातून चमचाभर ऑइल सोडलं आणि पुन्हा किक मारून बघितली. पिस्टनच्या रिंगा गेल्या असत्या तर ऑइलच्या पदराने कॉम्प्रेशन थोडं तरी वाढलं असतं. ते जराही वाढलं नाही. हेड उतरवलं तेव्हा जळालेला गॅस बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड एका बाजूने गेलेली होती, फोडणीत करपलेल्या कढीपत्त्याच्या पानासारखी.

झालं होतं असं. इंजिन तापलं की व्हॉल्व्हची दांडी लांबते. त्या लांबण्यासाठी टॅपेटमध्ये जागा ठेवलेली असते आणि थंड इंजिनला ती जागाच थोडीफार वाजते. मी ती जागा संपवून टाकली होती. त्यामुळे व्हॉल्व्ह आपल्या सीटवर, म्हणजे हेडमधल्या बसायच्या कडेवर, पूर्ण टेकेना. खरं तर टेकलेल्या त्या क्षणातच तो आपली बरीचशी उष्णता सीटला देऊन टाकतो. इथे टेकणं नाही, आणि वर फटीतून पेटता गॅस. दुसरं काय होणार? उस्तादांनी व्हॉल्व्ह हातात घेऊन बराच वेळ फिरवला. मग म्हणाले, "मी पण असाच आवळला असता रे." खर्च त्यांनी सोसला. माझ्या पगारातून एक पैसा कापला नाही, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटली.

त्या महिन्यात मी पहिला फीलर गेज घेतला. पात्यांचा जुडगा असतो, पत्त्यांसारखा उघडतो. सगळ्यात पातळ पात्यांपैकी एक ०.०५ मिलिमीटरचं, केसाएवढं. आम्ही ज्या छोट्या गाड्या करतो त्यांतल्या बऱ्याच जणींना इनलेटला, म्हणजे आत घेणाऱ्या व्हॉल्व्हला, एवढ्याच्या आसपास लागतं आणि एक्झॉस्टला थोडं जास्त, कारण तो जास्त तापतो. नेमका आकडा गाडीगणिक वेगळा, तो मॅन्युअलमध्ये बघायचा. गाडी रात्रभर उभी असली पाहिजे. मॅग्नेटवरची टी खूण, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर आल्याची खूण, खिडकीतल्या खुणेसमोर आणायची. इथे नवी पोरं हमखास फसतात. ती खूण चार स्ट्रोकच्या एका चक्रात दोनदा समोर येते आणि त्यातली एकच कॉम्प्रेशनची असते. व्हॉल्व्ह दाबणारे दोन्ही रॉकर बोटाने हलतायत का ते आधी बघायचं. हलत नसले तर आणखी एक फेरा द्यायचा. मग पातं घालून ओढायचं. ते सुळकन यायला नको आणि अडकायलाही नको, नव्या वहीच्या चिकटलेल्या पानांतून कागद ओढताना लागतो तेवढाच ओढा लागला पाहिजे. आणि लॉकनट आवळला की पुन्हा एकदा घालून बघायचं, कारण आवळताना स्क्रू थोडा फिरतोच. एवढं करूनही टॅपेट किंचित वाजतं. गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं. करू दे.

म्हणून माझं उत्तर असं की पोराला कोर्सला घाला. कानाने रोग ओळखणाऱ्या मिस्त्रींच्या गोष्टी सगळ्यांना आवडतात, मलाही आवडतात. पण कान ज्या इंजिनांवर तयार होतो त्याच इंजिनांपुरता खरा असतो. आयटीआयचा मेकॅनिक मोटर व्हेइकल हा ट्रेड दोन वर्षांचा आहे, दहावीनंतर करता येतो. तिथे व्हर्नियर, मायक्रोमीटर अशी बारीक मापाची हत्यारं हातात देतात आणि आकडा वहीत लिहायला लावतात. ती लिहायची सवय मला गॅरेजात कुणी लावली नाही. चाळिशीत स्वतःची स्वतः लावली. कोर्सची पोरं गंजलेल्या बोल्टपुढे हात टेकतात, हे खरं आहे. आटे धरतायत की जातायत ते मनगटाला कळायला वेळ लागतो. पण ते गॅरेजात सहा महिन्यांत येतं.

गाडीला जोडून बिघाडाचा कोड दाखवणारा स्कॅनर आल्यावर आता कानाची गरज नाही, असं एक पालक मला म्हणाले. एप्रिल २०२० पासून नव्या गाड्या बीएस-सिक्स या प्रदूषणाच्या नियमाच्या झाल्या, कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं, म्हणजे मशीन सांगेल तो पार्ट बदलायचा. माझ्याकडच्या पोराने तेच केलं. कोड आला मिश्रणात हवा जास्त असल्याचा, आणि याने ऑक्सिजन सेन्सर बदलला. कोड पुन्हा आला. थ्रॉटल बॉडी आणि हेडच्या मधलं रबर बोटाने दाबून बघितलं तर खालच्या बाजूने चिरलेलं, तिथून हवा ओढत होतं. सेन्सर बिचारा खरंच सांगत होता. मी कानावर विसंबलो होतो, तो पडद्यावर विसंबला, एवढाच फरक.

जीपांचंही तेच. गेली काही वर्षं पावसाळ्यात पाबे घाट, मुळशी, पानशेतकडून चिखलाने लडबडलेल्या फोर बाय फोर गाड्या माझ्याकडे येतात. एकीच्या मागच्या डिफरन्शियलचा, म्हणजे मागच्या अॅक्सलमधल्या गिअरच्या डब्याचा, ड्रेन बोल्ट सोडला तर ऑइल दुधाळ निघालं, कटिंग चहाच्या रंगाचं. पाणी गेलेलं. मी सील बदललं. पंधरा दिवसांनी पुन्हा तोच चहा. पुन्हा सील. तिसऱ्यांदा मात्र मान वर करून ब्रीदरची, म्हणजे अॅक्सलमध्ये हवा ये-जा करायची, नळी बघितली. चिखलाने ठार बंद. तापलेला अॅक्सल ओढ्याच्या गार पाण्यात उतरला की आतली हवा आकसते. नळीतून हवा मिळाली नाही तर तो सीलच्या कडेतून पाणी ओढून घेतो. नवं सील तरी किती धरणार? नळी साफ केली, थोडी लांब करून उंचावर बांधली. दोन सीलांचे पैसे परत केले. पन्नाशीतही असं होतं.

पैशाचं विचाराल तर सुरुवातीला काही नाही, चार-पाच वर्षांनी बरे. पाठीचं मात्र आत्ताच बघा. वाकून काम असतं.

तोवर पोराला माझ्याकडे रविवारी पाठवत जा. सकाळी नऊला. चप्पल नको, बूट हवेत. जुनी पँट, आणि अंगठी-कडं असेल तर घरी ठेवायचं. चष्मा असेल तर तेवढा आठवणीने आणू दे, गेजवरचे आकडे फार बारीक असतात.