तुम्ही विचारलंत म्हणून: मॉनिटर घ्यावा की टीव्हीच जोडावा?

मी मुद्रितं तपासते. दिवसाचे सात-आठ तास स्क्रीनसमोर जातात, त्यामुळे ओळखीतलं कुणी नवा कॉम्प्युटर घ्यायला निघालं की मला हमखास विचारतं, "घरात मोठा टीव्ही आहेच, तोच जोडला तर? वेगळा मॉनिटर कशाला?" प्रश्न रास्त आहे. एचडीएमआय केबल तीच, पोर्ट तेच, जोडल्याबरोबर चित्रही उमटतं. मी उत्तर देण्याआधी दोन गोष्टी विचारून घेते. स्क्रीन डोळ्यांपासून किती लांब असणार? आणि तिच्यावर तुम्ही वाचणार की बघणार?

हे मी ठेच खाऊन शिकले. सुरुवातीला मीही ३२ इंची टीव्ही टेबलावर ठेवला होता. अक्षरं मोठी दिसतील, डोळ्यांना आराम पडेल, असा माझा हिशोब. अक्षरं मोठी दिसली, पण स्पष्ट दिसेनात. त्या टीव्हीवर आडवे १३६६ आणि उभे ७६८ पिक्सेल होते, म्हणजे एका इंचात जेमतेम ४९ ठिपके. साध्या २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर इंचाला ९२ पडतात. रोमन लिपी अशा विरळ ठिपक्यांत कशीबशी निभावून जाते. आपली लिपी मात्र एकाच ओळीत तीन मजले बांधते: मधे अक्षर, शिरोरेषेवर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. या सगळ्याला तेवढ्याच उंचीत जागा द्यायची, तर ठिपके दाटच हवेत. चिंता आणि चिता यांत फरक एका टिंबाचा, आणि ते टिंब वेलांटीच्या कमानीला चिकटून बसतं. मी एका मुद्रितात 'चिता' हा शब्द 'चिंता' समजून पुढे सोडला. लेखकाच्या नजरेला पडला म्हणून छपाईआधी निस्तरता आलं. त्या रात्री मी पानं पुन्हा कागदावर काढून पहिल्यापासून तपासली.

यात अंतराचा हिशोब सरळ आहे. निकोप नजर कोनाच्या एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखते. त्या मापाने ४९ ठिपक्यांच्या स्क्रीनवरचे पिक्सेल सुटे दिसायचे थांबतात ते पावणेदोन मीटरवर गेल्यानंतर, आणि ९२ ठिपक्यांचे साधारण ९५ सेंटिमीटरवर. टेबलाशी बसलेला माणूस असतो ६० सेंटिमीटरवर. टीव्ही दिवाणखान्याच्या अंतरासाठी बांधलेला असतो. त्या अंतरावर तो निर्दोषच दिसतो.

मग ४के, म्हणजे आडवे ३८४० आणि उभे २१६० पिक्सेल असलेला टीव्ही घेतला तर? तोही प्रयोग मी केला, ४३ इंची. इथे इंचाला १०२ ठिपके, म्हणजे दाटीची तक्रार संपली. तरीही लाल अक्षरात केलेल्या दुरुस्त्या फाटल्यासारख्या दिसायच्या. काळी अक्षरं स्वच्छ आणि लाल तेवढी पुसट. कारण कळायला मला दोन आठवडे लागले. डोळ्याला उजेड-अंधाराचे बारकावे जितके कळतात तितके रंगाचे कळत नाहीत. म्हणून चित्रपट साठवताना आणि पाठवताना उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची ठेवतात, पण रंग चार पिक्सेलांत मिळून एकच देतात. याला ४:२:० म्हणतात. चेहरा, आभाळ, झाडं यांत ते कळतही नाही. निळ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षर आलं की मात्र कडा विरघळतात. कॉम्प्युटरला प्रत्येक पिक्सेलचा स्वतःचा रंग लागतो, म्हणजे ४:४:४. मॉनिटर तो मुकाट्याने दाखवतो. टीव्हीला बहुधा सांगावं लागतं: पोर्टचं नाव बदलून 'पीसी' ठेवायचं किंवा त्या पोर्टची पूर्ण क्षमता मेनूतून चालू करायची. शिवाय जुन्या एचडीएमआय १.४ वर पूर्ण रंगात ४के चित्र सेकंदाला ३० वेळाच जातं, ६० साठी दोन्ही टोकांना निदान २.० हवं. केबलही तेवढा भार पेलणारी हवी.

ते सगळं जुळवलं, अक्षरं निवळली, आणि मग मान दुखायला लागली. ४३ इंची टीव्ही ९५ सेंटिमीटर रुंद असतो. मी मधोमध ६० सेंटिमीटरवर बसले, तर दोन्ही कडा डोळ्यांपासून ७६ सेंटिमीटरवर जातात. नुसती नजर फिरवून भागत नाही, मान फिरवावी लागते, ती दिवसातून शेकडो वेळा. वरची कड डोळ्यांच्या बऱ्याच वर राहते, आणि टीव्हीचे पाय काही खालीवर होत नाहीत. चांगल्या मॉनिटरचा स्टँड उंची बदलतो, झुकतो, वळतो. विकत घेताना या स्टँडकडे फार कमी लोक बघतात याचं मला खरंच वाईट वाटतं. वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली आली की मानेचं अर्धं दुखणं होतच नाही.

माउस मागे रेंगाळतो, ही तक्रारही मी बऱ्याचदा ऐकते. टीव्ही आलेलं चित्र लगेच दाखवत नाही. आधी ते घासूनपुसून घेतो, कधी दोन चित्रांच्या मधे स्वतः तिसरं घालून हालचाल गुळगुळीत करतो. चित्रपटात आवाजही तेवढाच उशिरा सोडला जातो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. हाताच्या मात्र लगेच लक्षात येतं. टीव्हीच्या मेनूतून गेम मोड लावला की यातलं बहुतेक काम बंद होतं. शार्पनेसही उतरवा; त्याने अक्षरांभोवती पांढरी किनार येते. बऱ्याच टीव्हींवर शून्य योग्य ठरतं, काहींवर मधला आकडा, तेव्हा अक्षरांकडे बघून ठरवा. चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर ओव्हरस्कॅन बंद करा, ती नळीच्या टीव्हीच्या काळातली सवय आहे. ओलेड टीव्ही (ज्यात प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळतो) असेल तर टास्कबारसारखी तासन् तास न हलणारी पट्टी लपवून ठेवा, नाहीतर तिचा डाग कायमचा राहू शकतो.

एवढं वाचून मी टीव्हीच्या विरोधात आहे असं वाटेल. तसं नाही. माझ्या मावशीला मीच टीव्ही जोडून दिला, आणि तो निर्णय मला आजही पटतो. तिला प्रोग्रेसिव्ह चष्मा आहे. त्याच्या काचेत जवळचं दिसतं खालच्या भागातून आणि लांबचं वरच्या. मॉनिटर पडतो या दोन्हींच्या मधल्या अंतरावर, त्यामुळे ती हनुवटी उचलून, मान मागे टाकून वाचायची आणि तासाभरात थकायची. आता टीव्ही दोन मीटरवर आहे, कीबोर्ड बिनतारी, अक्षरं सेटिंगमध्ये दुप्पट केलेली. ती लांबच्या नजरेने, मान सरळ ठेवून वाचते. ती पत्रं लिहिते, फोटो बघते, गाणी लावते. मुद्रितं तपासत नाही. आरामखुर्चीतून चित्रपट बघणारे, कंट्रोलर हातात घेऊन गेम खेळणारे, यांनाही माझं हेच सांगणं असतं: तुमचा टीव्ही पुरेसा आहे, वेगळं काही घेऊ नका.

माझ्या टेबलावर सध्या २७ इंची मॉनिटर आहे, २५६० बाय १४४० पिक्सेलांचा, इंचाला १०९ ठिपके. दिवसभर वाचणाऱ्याला मी हेच माप सुचवते, आणि फारच बारीक अक्षरांत काम असेल तर त्याच आकारात ४के.

तरीही घरचा टीव्ही वापरून बघायचा असेल तर जरूर बघा, पण चित्रपट लावून पारखू नका. तुम्ही रोज जिथे बसणार तिथे बसा, मराठी मजकुराचं एक भरलेलं पान रोजच्या आकारात उघडा, दोन परिच्छेद लाल करा आणि अर्धा तास वाचा. कुठे पुढे वाकावं लागलं, कुठे अनुस्वार अंदाजाने वाचला, ते तुमचं तुम्हाला कळेल.