‘ॲक्सिडेंट’ लिहिण्याआधी

आज मोहोळकडचे एक काका भेटले. पुणे रस्त्यावर राँग साइडनं आलेल्या गाडीखाली त्यांचा पुतण्या गेला. बातमीत ‘ॲक्सिडेंट’ छापून आलं होतं. म्हणाले, “ॲक्सिडेंट म्हटलं की कुणाची चूकच नाही असं वाटतंय बघा.”

दिवसभर ते डोक्यातून जाईना. असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेनं 2016 मध्येच बातमीदारांना सांगितलं होतं की निष्काळजीपणाचा आरोप असेल किंवा तो सिद्ध झाला असेल, तर ‘ॲक्सिडेंट’ टाळा, ‘क्रॅश’ लिहा. आधीच्या शब्दानं दोषी माणूस सुटल्यासारखा वाटतो.

आपल्याकडे तर ‘भरधाव ट्रकने चिरडले’. ट्रक आपोआप धावतो का? चालवणारा वाक्यातूनच गायब! कायदा मात्र माणसाकडेच बोट दाखवतो: भारतीय न्याय संहितेचं कलम 106, निष्काळजीपणामुळे मृत्यू.

निकालाआधी कुणाला दोषी ठरवू नये, हे मलाही मान्य आहे. म्हणूनच ‘धडक’ हा शब्द मला योग्य वाटतो. तो कुणाला दोषी ठरवत नाही, सोडवतही नाही. पुढे गाडी कुठल्या बाजूनं आली, गुन्हा कुणावर नोंदला, तिथं दुभाजक आणि दिवे होते का, एवढं तरी लिहा. सोलापूरच्या माझ्या पत्रकार मित्रांनो, कळकळीची विनंती आहे.