रत्नागिरी एकट्याने फिरताना

रेल्वे स्टेशन गावाबाहेर कुवारबावला आहे, म्हणून रिक्षाचं भाडं बसण्याआधीच ठरवा. मुक्काम एसटी स्टँडजवळ ठेवा, गाड्या पकडणं सोपं जातं. थिबा राजवाडा १९१० सालचा. ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी इथेच नजरकैदेत ठेवलं होतं. आतलं संग्रहालय सोमवारी बंद असतं, नेमके त्याच दिवशी लोक येऊन दाराला कुलूप बघतात.

गणपतीपुळ्याला निवळीमार्गे जाऊ नका. आरे-वारेवरून जाणारी एसटी विचारून घ्या आणि जाताना डावीकडची खिडकी धरा, समुद्र त्याच बाजूला लागतो. किनारा देखणा, पण पाणी दगाबाज. ओहोटीत तर आत उतरूच नका, एकटे असाल तर मुळीच नाही. रत्नदुर्ग उन्हं कलल्यावर चढा. हापूस हवा असेल तर एप्रिल-मे, उकाडा सोसायची तयारी ठेवून.