चोबेला जाताय? जीप एक कमी करा, होडी एक वाढवा

ऑगस्टच्या शेवटी आम्ही चौघं (मी, बायको, मेव्हणा आणि त्याची बायको) बोत्स्वानातल्या चोबे नॅशनल पार्कला जाऊन आलो. तेव्हापासून ओळखीतले सगळे एकच विचारतायत, झिंबाब्वेतल्या व्हिक्टोरिया फॉल्सवरून एका दिवसात उरकतं का? उरकतं, पण उरकू नका. फॉल्सपासून चोबेच्या दाराशी असलेलं कसाने गाव जेमतेम ७०-८० किमी, पण मध्ये झिंबाब्वे-बोत्स्वानाची कझुंगुला बॉर्डर लागते, तिथे दोन्हीकडचे शिक्के, गाडी बदला, सामान उचला, आणि लाळ्या-खुरकूत पसरू नये म्हणून औषधाने भिजवलेल्या पायपुसण्यावर बूट घासून घ्या, आमचे तर बॅगेतले जादाचे बूटपण बाहेर काढायला लावले. ह्यातच सकाळ जाते, मग सफारी ऐन उन्हात, आणि संध्याकाळी जेव्हा खरी मजा सुरू होते तेव्हा तुम्ही परतीच्या गाडीत पेंगत बसणार. कसानेत किमान दोन रात्री राहाच.

दुसरं म्हणजे जीपच्या मागे लागू नका. आपल्याला ताडोबाची सवय, म्हणजे पहाटे उठायचं, जीपमध्ये बसायचं आणि वाघ-वाघ करत धूळ खायची. इथे एक सकाळची जीप पुरे. सिंह दिसला तर दिसला (आम्हाला एका झुडपाआड शेपूट दिसली, ती सिंहाची होती असं ड्रायव्हरचं म्हणणं). बाकी सगळं चोबे नदीवर, आणि त्यातही दुमजली मोठ्या बोटीपेक्षा दहा-बारा जणांची छोटी होडी घ्या, थोडी महाग पडते पण काठाला चिकटून जाते. मोठ्या बोटीत हत्ती दिसला की सगळं पब्लिक एका बाजूला धावतं आणि तुमच्या फोटोत फक्त टोप्या येतात.

नदीच्या मधोमध सेदुदू नावाचं बेट आहे, नुसतं सपाट गवत. ह्या गवताळ तुकड्यासाठी बोत्स्वाना आणि नामिबिया आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले होते, १९९९ साली निकाल बोत्स्वानाच्या बाजूने लागला. हत्तींना त्याचं काय, ते संध्याकाळी पोहत जातात चरायला. आमच्यापासून वीसेक फुटांवरून सात जण गेले, मोठ्यांची नुसती सोंड आणि कपाळ वर, आणि मधल्या पिल्लाची सोंड सारखी बुडायची, मग फुस्स करून पाणी उडवत पुन्हा वर यायची. पलीकडे चढले तेव्हा कपाळावरची एक पट्टी कोरडी करडी आणि बाकी अंग काळंकुळकुळीत, कुणीतरी अर्धवट रंगवून सोडल्यासारखं. होडीवाल्याने इंजिन बंद केलं होतं, अर्धा तास कुणी बोललं नाही, मेव्हणासुद्धा.

सीझनचं म्हणाल तर मे ते ऑक्टोबर कोरडा असतो. आतली डबकी आटत जातात तसे प्राणी नदीवर येतात, म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरला हत्ती सगळ्यात जास्त (देशात साधारण १,३०,००० आहेत म्हणे, जगात इतके कुठेच नाहीत). पण ऑक्टोबरात पारा चाळिशीला टेकतो. जून-जुलैत उलटं, पहाटेच्या उघड्या जीपमध्ये दात वाजतात. आम्हालाही ऑगस्टअखेर जाकीट लागलंच, मेव्हणा आफ्रिका म्हणजे गरम असं धरून टी-शर्टवर आला होता तो हॉटेलचं ब्लँकेट पांघरून बसला.

आता व्हिसा. फॉल्सला उतरून चोबेला जाऊन परत फॉल्सवरूनच विमान असेल तर झिंबाब्वेचा डबल एन्ट्रीच (दोनदा आत येता येतं तो) मागा. आमच्या एजंटने हे सांगितलंच नाही, परतताना बॉर्डरवर चौघांचे पैसे दुसऱ्यांदा भरले. बोत्स्वानाचा वेगळा, तो निघायच्या आधी काढा. आम्ही इथिओपियातल्या अदिस अबाबावरून गेलो, म्हणून यलो फीवरची लस घेतली, त्या लशीचं कार्ड दहा दिवसांनी लागू होतं, त्यामुळे आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरला विचारून घ्या, हा भाग मलेरियाचाच आहे.

मिलिटरी छापाचे, म्हणजे हिरव्या ठिपक्यांचे कपडे अजिबात नेऊ नका, दोन्ही देशांत साध्या माणसाला घालायला बंदी आहे, आणि आपल्याकडे सफारी म्हटलं की लोक नेमके तेच विकत घेतात. झिंबाब्वेत डॉलर चालतात पण सुट्ट्या नोटा हव्यात, एक आणि पाचच्या भरपूर ठेवा, टिप देताना कळेल. शाकाहारी असाल तर लॉजला आधी कळवा, तरी भडंग आणि लसणाची चटणी आम्हाला रोज लागली. मात्र होडीत किंवा जीपमध्ये पुडा फोडू नका, बबून वास काढत येतात.

रात्री कसानेत पायी फिरू नका, हत्ती गावातूनच नदीवर जातात. दिवसा मात्र सुळेवाली रानडुकरं बिनधास्त फिरत असतात. आम्ही एटीएमला गेलो तर दारातच दोन, पुढचे गुडघे टेकून गवत खात होती. आम्ही पाच मिनिटं थांबलो ती हलतील म्हणून, मागून एक शाळकरी मुलगी आली आणि त्यांना वळसा घालून आत गेली.